वाऱ्याकडच्यानं वाट द्यावी

मुंबईला समुद्र दोन आहेत. एक पश्चिमेचा: चौपाट्यांचा, सूर्यास्ताचा, सिनेमातल्या गाण्यांचा. दुसरा पूर्वेचा, बंदराचा. हा मातकट आहे, कामकरी आहे, डिझेलच्या वासाचा आहे; लाँची, टग आणि बार्ज त्याला दिवसभर ढवळत असतात. या दुसऱ्या समुद्रावर ऑक्टोबर ते मे या महिन्यांत रविवारी लहान लहान शिडं फिरताना दिसतात. धक्क्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, कुणी श्रीमंत माणसं हवा खायला निघाली आहेत. प्रत्यक्षात तिथं शर्यत चाललेली असते. तिला प्रेक्षक नसतात, समालोचन नसतं, आणि जिंकणाऱ्याला मिळतो तो पेलाही बहुधा पुढच्या वर्षी परत करायचा असतो. पावसाळा जवळ आला की बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकतात आणि शर्यतवाले चार महिने आभाळाकडे बघत बसतात.

मी या शर्यतीत पुढं बसते. म्हणजे बोट माझी नाही आणि सुकाणूही माझ्या हातात नाही. ते काकांच्या हातात. काकांची सारी नोकरी गोदीत गेली. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी बागेत फिरायला जातात, तसे ते पाण्यावर यायला लागले. पुढचं लहान शीड, म्हणजे जिब, माझ्या ताब्यात. बोट कलायला लागली की पायपट्ट्यात पाय अडकवून पाठीवर बाहेर झुकायचं आणि आपल्या वजनानं तिला सपाट ठेवायचं, हेही माझ्याकडे. बोट एंटरप्राइज जातीची आहे. चार मीटर लांबी, दोघांपुरती जागा, निळी शिडं. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकारानं १९५६ मध्ये ती आखली. सामान्य माणसाला परवडावी, गाडीमागं बांधून नेता यावी, हा तिचा हेतू. ती चपळ आहे, आणि जोराच्या वाऱ्यात तितकीच चंचल. एकदा आडवी झाली की सरळ केल्यावरही पोटात इतकं पाणी घेऊन उठते की पुढची पाच-दहा मिनिटं उपसण्यात जातात.

या बंदराला शिडांचा इतिहास कमी नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. सीबर्ड जातीच्या लाकडी बोटी इथल्या पाण्यानं पाहिल्या. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण शिडाच्या शर्यतींसाठी पाणी मुंबईचं लागलं, आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. आमच्या रविवारच्या शर्यतीचा या मोठ्या गोष्टींशी संबंध इतकाच की वारा तोच आहे.

आणि वारा कळायला दिवस उजाडल्यापासून त्याच्या मागावर राहावं लागतं. सकाळी रात्रीच्या मतलई वाऱ्याचं शेपूट बंदरावर रेंगाळत असतं. तो ईशान्येकडून, जमिनीवरून येतो; कोरडा असतो आणि त्याच्या अंगात फारसा जीव नसतो. अकराच्या पुढं तोही थकतो. मग एक मधली वेळ येते. पाणी तेलकट गुळगुळीत होतं. घारापुरीचा डोंगर फिकट होत होत पुसला जातो. न्हावा-शेव्याच्या क्रेन हवेत तरंगताना दिसतात. बोटी उतारावर तयार उभ्या असतात, शिडं डोलकाठीवर सैल लोंबत असतात, आणि माणसं उगाच दोऱ्यांच्या गाठी पुन्हा सोडून पुन्हा मारत असतात. या वेळेत सगळं काम शहर करत असतं. डांबर, काँक्रीट, पत्रे तापतात. त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्या जागी पश्चिमेच्या समुद्रावरची गार हवा आत शिरते. ज्या उन्हाला मुंबईकर शिव्या घालतो, तेच ऊन आम्हाला वारा पुरवतं. मार्च-एप्रिलात जमीन जितकी भाजते, तितका दुपारचा खारा वारा जोर धरतो.

आमच्या क्लबातले तांडेल रायगडाकडच्या किनाऱ्यावरचे आहेत. बोटी उतरवणं, चढवणं, शिवणं, रंगवणं, बुडाल्या तर ओढून आणणं, सगळं त्यांच्या हातचं. मार्चमधल्या त्या रविवारी मोबाइलवर बारा नॉटचा अंदाज दिसत होता. तांडेलांनी मोबाइल पाहिला नाही. त्यांनी पश्चिमेला, इमारतींच्या वरच्या आभाळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ताई, दोननंतर वारा चढणार आज. जाकिटाचे पट्टे आवळून घ्या.”

वारा आला तो आधी डोळ्यांना दिसला, मग अंगाला लागला. तापत ठेवलेल्या दुधावर फुंकर घातली की साय जशी एका कडेनं सुरकुतत जाते, तसं धक्क्याकडून पाणी सुरकुतत आलं. चमक गेली, रंग गडद झाला. त्या गडद पट्ट्याची कड आमच्यापर्यंत पोचली आणि लोंबणारी शिडं एकदम फडफडायला लागली. जोराच्या वाऱ्यात किनाऱ्यावरच्या शिडांचा आवाज छातीत बसतो. माणसं नकळत मोठ्यानं बोलायला लागतात. अर्ध्या तासात पाण्यावर पांढरे फेस उठले. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारा मोजायची जी श्रेणी केली, तिची मला आवडणारी गोष्ट ही की तिला यंत्र लागत नाही. वाऱ्याचा वेग किती, हे विचारण्याऐवजी वारा काय करतो आहे ते पाहा, असं ती सांगते. जागोजागी फेस, मध्यम लाटा, अधूनमधून उडणारे तुषार म्हणजे पाचवी पायरी, सतरा ते एकवीस नॉट. अंदाजापेक्षा आठ नॉट जास्त ऐकायला फार वाटत नाहीत. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि असा वाढलेला दाब त्याच शिडावर, त्याच डोलकाठीवर आणि बाहेर झुकलेल्या त्याच पोटाच्या स्नायूंवर येतो.

शर्यत घेणाऱ्या समितीच्या बोटीवर पिवळ्या-लाल तिरक्या पट्ट्यांचा झेंडा चढला. जीवरक्षक जाकिटं अंगावर हवीतच, असा त्याचा हुकूम. पण शर्यतीत उतरायचं की नाही, हे कुठलाच झेंडा सांगत नाही. नियमांच्या पुस्तकात ती जबाबदारी सर्वस्वी बोटीवर टाकलेली आहे. समिती शर्यत घेईल. जायचं की धक्क्यावर बसायचं, ते तुम्ही ठरवा. दोन बोटींनी त्या दिवशी शिडं उतरवली. कुणी त्यांना हसलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. “काय गं, जायचं?” मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तसं, काका.” ते म्हणाले, “मी म्हणेन तसं नाही. दोघांनी म्हटलं तरच.” मग मी नीट विचार करून हो म्हटलं.

सुरुवातीच्या आधीची पाच मिनिटं शर्यतीतली सगळ्यात लांब असतात. भोंगा वाजतो, झेंडा चढतो, घड्याळ सुरू होतं. चार मिनिटं उरली की दुसरा झेंडा, एक मिनिट उरलं की तो खाली. शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो, म्हणून रेषेवर थांबून राहता येत नाही. सगळ्या बोटी रेषेमागं येरझारा घालत असतात, शिडं सोडून वेग मारत, ओढून वेग घेत. आणि शेवटच्या भोंग्याच्या क्षणी नेमकं रेषेवर, पुऱ्या वेगात असायचं असतं. वीस नॉटमध्ये या गर्दीत कानात फक्त आवाज असतात. शिडांची फडफड, तुटक हाका, बोटींच्या पोटावर आपटणारं पाणी, आणि काकांचे हळू पण स्पष्ट आकडे: तीस, वीस, दहा, ओढ.

पहिली धाव वाऱ्याच्या तोंडावर. सरळ वाऱ्यात कुठलंच शीड जात नाही. पंचेचाळीस अंशांच्या आसपास कोन ठेवून, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, नागमोडी वर चढायचं. आमच्या बंदरात ही चढण शहराकडे जाते, आणि शहर वारा सरळ सोडत नाही. कुलाबा आणि फोर्टच्या इमारतींवरून तो उड्या मारत येतो. उंच इमारतीच्या आडोशाला मेल्यासारखा पडतो, गल्लीच्या तोंडाशी दुप्पट होऊन बाहेर पडतो. त्यातून ओहोटीचा ओढा आडवा. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि तेवढं पाणी बाहेर निघालेलं असताना त्याच्या अंगावर आडवा वारा पडला की लाट आखूड आणि खडी होते. बोट एकीवरून उतरते तोवर दुसरी नाकावर.

अशा वेळी नवशिक्याला वाटतं, दोरी घट्ट धरावी. हात आपोआप आवळतात. पण वाऱ्याचा झोत आला की घट्ट धरलेलं शीड बोटीला आडवं करतं, आणि कललेली बोट आपल्या मनानं वाऱ्याकडे वळू बघते. सुकाणू धरणाऱ्याचा खांदा निखळायची वेळ येते आणि वेग मरतो. सपाट बोटच पळते. म्हणून झोत आला की आधी सोडायचं. वीतभर, कधी हातभर. बोट सपाट झाली, पुढं उसळली, की पुन्हा ओढायचं. पूर्ण चढणभर काका दोनच शब्द बोलत होते. “सोड. ओढ. सोड, सोड, सोड गं! हं, ओढ.” चेहऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या चुळा बसत होत्या, मांड्या थरथरत होत्या, तळव्यांची सालं निघत होती, आणि तरी बोट सपाट धावायला लागली की पोटाखालून एक बारीक गुणगुण ऐकू यायची. लाकूड, पाणी आणि वारा यांचं जमल्याची ती खूण. त्या गुणगुणीसाठीच माणसं रविवारची झोप सोडून येतात, असं माझं मत आहे.

या सगळ्या धुमाळीत बोटी एकमेकींवर आदळत कशा नाहीत? वाटेच्या नियमांमुळे. ते थोडे आहेत आणि दहा वर्षांच्या पोराला पाठ होतील इतके सोपे आहेत. दोन बोटी वेगवेगळ्या अंगांनी समोरासमोर आल्या, तर जिच्या उजव्या बाजूनं वारा येतो तिचा हक्क, दुसरीनं वळायचं. हक्कवाला “स्टारबोर्ड!” म्हणून ओरडतो आणि समोरचा मुकाट्यानं वाट देतो. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं. आडव्या झालेल्या बोटीपासून दूर राहायचं. आणि दोन बोटी एकाच अंगानं शेजारी-शेजारी चालल्या असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीनं खालच्या बोटीला वाट द्यायची.

हा शेवटचा नियम मला पहिल्यांदा उलटा वाटला होता. वाऱ्याकडची बोट वरचढ असते. वारा आधी तिला लागतो, ताजा, अखंड. खालच्या बोटीला मिळतो तो तिच्या शिडानं विस्कटलेला, उरलासुरला. व्यवहारात आपण पाहतो ते असं की ज्याला आधी मिळतं, तोच बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगतो. पाण्यावर मात्र उलटं. वाऱ्याकडच्याला हलायला जागा जास्त असते. तो वर वळू शकतो, शीड ढिलं करू शकतो. खालचा त्याच्या सावलीत अडकलेला असतो. म्हणून हलण्याची जबाबदारी त्याची, ज्याला हलणं शक्य आहे. खालच्यानं नुसता आवाज द्यायचा, “वर जा, वर जा!”, आणि वरच्यानं जायचं; मग तो गतवर्षीचा विजेता असो, नौदलाचा कमांडर असो किंवा क्लबाचा अध्यक्ष.

हे कोण पाहतं? कुणीच नाही. क्लबाच्या शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. समितीची बोट रेषेच्या टोकाशी नांगरून असते आणि अर्ध्या मैलावरच्या वळणाच्या बोयापाशी काय झालं, ते तिला दिसत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानं “प्रोटेस्ट” म्हणून ओरडायचं. सहा मीटरपेक्षा लहान बोटीला तर त्यासाठी लाल झेंडाही लागत नाही. आणि चुकलेल्यानं स्वतःहून शिक्षा घ्यायची. वाटेचा नियम मोडला तर बोट बाजूला होऊन दोन फेरे मारते. बोयाला धक्का लागला तर एक. फेरा म्हणजे बोटीचं तोंड एकदा वाऱ्यातून फिरवायचं आणि एकदा शेपूट वाऱ्यातून फिरवायचं. मंद वाऱ्यात ही गंमत असते. वीस नॉटमध्ये शेपूट फिरवताना शिडाच्या तळाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, बंदुकीच्या गोळीसारखा या अंगावरून त्या अंगावर येतो, डोकं वाकवलं नाही तर फुटतं, आणि तोल अर्धा क्षण चुकला तर बोट आडवी.

त्या दिवशी आमच्या पुढं दोन शाळकरी मुलींची बोट होती. वजनानं दोघीही हलक्या, त्यामुळे असा वारा त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जड जात होता. तरी त्या चौथ्या की पाचव्या होत्या. वरच्या केशरी बोयाला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या, क्षणभर त्यांचं निळं शीड आमच्या शिडाआड गेलं, आणि पुन्हा दिसलं तेव्हा त्या बाकीच्यांपासून बाजूला होत होत्या. मला वाटलं, काही तुटलं. मग सुकाणूवरच्या मुलीनं बोट फिरवली. बूम कडाडून पलीकडे गेला, बोट भयंकर कलली, दोघी बाहेर लोंबल्या, बोट सावरली, आणि तिनं तशीच ती वाऱ्यातून वळवून फेरा पुरा केला. काका म्हणाले, “बोया लागला असणार पोरींना.” आम्ही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणीही पाहिलं असणं शक्य नव्हतं. तिचा फेरा झाला म्हणूनच आम्हाला कळलं. तेवढ्या वेळात तीन बोटी त्यांच्या पुढं निघून गेल्या. त्यांतली एक आमची.

या खेळाच्या पुस्तकातला पहिला नियम वेगाचा नाही, वाटेचाही नाही. संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची, हा तो नियम. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या शर्यती पुसानला होत्या. लॉरेन्स लेम्यू हा कॅनडाचा खेळाडू फिन या एकट्यानं चालवायच्या बोटीत दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा भलताच चढला. शेजारच्या मार्गावर सिंगापूरच्या दोघा खेळाडूंची बोट उलटली होती आणि ते पाण्यात होते. लेम्यूनं शर्यत सोडली, त्यांना पाण्याबाहेर काढलं, दुसरी बोट येईपर्यंत थांबला, आणि मग आपली शर्यत पुरी केली. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. स्पर्धेतलं पदक मिळालं नाही, पण त्याचं नाव आजही घेतलं जातं.

कुणी पाहत नसताना पाळायच्या सचोटीला दुसरी बाजूही आहे, आणि तिचा एक धागा मुंबईत येऊन मिळतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानं ‘सुहेली’ ही आपली सागवानी बोट मुंबईत बांधून घेतली होती. १९६८-६९ च्या शर्यतीत तिच्यातून एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला ठरला. ३१२ दिवस लागले. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक प्रवासी अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून पृथ्वीला वळसा घालत असल्याची खोटी ठिकाणं कळवत राहिला. त्यालाही कुणी पाहत नव्हतं. शेवटी त्याची बोट सापडली, तो सापडला नाही. नॉक्स-जॉन्स्टननं बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. वाऱ्याकडची बोट खालच्या बोटीला वाट देते, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आमची उतरणीची धाव वाऱ्याबरोबर होती. तोंडावरचा वारा पाठीवर गेला की एकदम शांत वाटतं, आणि तीच फसगत असते. वारा कमी झालेला नसतो, आपण त्याच्याबरोबर पळत असतो. बोट लाटेच्या पाठीवर चढून घसरायला लागली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले, आणि काका, सत्तरीकडे झुकलेला माणूस, लहान पोरासारखे ओरडले. खालच्या बोयापाशी शेपूट फिरवताना दोन बोटी आडव्या झाल्या. तांडेलांची लाँच आधीच तिथं पोचलेली होती. त्यांनी एकाला हात दिला, दुसऱ्याला नुसतं जवळ उभं राहून धीर दिला, कारण तो आपली बोट आपण उभी करतो म्हणत होता.

आम्ही पाचवे आलो, मुली सातव्या. उतारावर बोट ओढताना काका त्यांच्याजवळ थांबले आणि म्हणाले, “पोरींनो, फेरा झकास मारलात.” त्यातली एक लाजून म्हणाली, “काका, थोडासाच लागला होता हो बोया.” निकालाच्या कागदावर फेऱ्याची नोंद नसते. तिथं फक्त सात हा आकडा होता.

आणि तांडेल? ते कागदावर कुठंच नसतात. दिवसभर वारा त्यांनीच आधी ओळखला, बोटी त्यांनीच उतरवल्या आणि चढवल्या, पडलेल्यांच्या मागे तेच धावले, आणि शर्यतीत मात्र ते नाहीत. बोट, वर्गणी, रविवार, सगळा ताजा वारा आम्हा सभासदांकडे. आमच्याच पुस्तकाप्रमाणे हलण्याची जबाबदारी मग आमची आहे. तांडेलांची पोरं पोहणं आणि होडी जन्मतःच शिकतात. क्लबाच्या जुन्या बोटी ताडपत्रीखाली कुजण्याऐवजी त्यांना द्याव्यात, त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये आणि निकालाच्या कागदावर त्यांची नावं यावीत. पाण्यावर जो नियम आपण वीस नॉटमध्ये, कुणी पाहत नसताना पाळतो, तो धक्क्यावर पाळणं त्याहून सोपं आहे.